चंद्री सेल्फ घेईना

टक्.

एवढाच आवाज. मी चावी मागे घेतली, पुन्हा फिरवली. टक्. तिसऱ्यांदा फिरवली तेव्हा तेवढाही आवाज आला नाही.

"भाऊ, हे काय होऊन राहिलं?" मागच्या सीटवरून वानखडे मॅडमनी विचारलं.

"काही नाही मॅडम, जरा लाडात आलीय," असं म्हणून मी चंद्रीच्या नाकाडावर थाप मारली. स्टेशन नऊ किलोमीटर लांब, अंगावर उणे अठराचा वारा आणि चहूकडे नजर जाईल तिथवर बर्फ.

ही गोष्ट अंटार्क्टिकावरची, बावीस वर्षांपूर्वीची. आपल्या देशाच्या एका संशोधन केंद्रावर आम्ही चोवीस माणसं वर्षभरासाठी राहिलो होतो. मी होतो कागल तालुक्यातला केरबा खाडे, वय अठ्ठावीस, गाड्यांचा मेकॅनिक. चंद्री म्हणजे आमची स्नो-स्कूटर. बर्फावरची मोटरसायकलच म्हणा: पुढे चाकाऐवजी दोन फळ्या आणि मागे रुंद रबरी पट्टा. आमच्या गावाकडे चंद्री नावाची एक गाय होती. मनात असेल तर घागरभर दूध द्यायची, नसेल तर बादलीला लाथ. या स्कूटरचे गुण बघून ते नाव मीच ठेवलं होतं.

डॉ. शर्मिष्ठा वानखडे अमरावतीच्या. बर्फात रोवलेल्या बांबूंची उंची दर महिन्याला मोजायची आणि बर्फ किती वाढला, किती घटला ते लिहायचं, हे त्यांचं काम. एकदा सुरू झाली की चंद्री मध्येच कधी बंद पडायची नाही. पण पेट्रोल मोजकं, म्हणून कुठेही थांबलं की इंजिन बंद करायचा नियम होता. अडायची ती परत सुरू होताना. गेल्या दहा दिवसांत हे तिसऱ्यांदा झालं होतं.

मी वॉकीटॉकीवर स्टेशनला कळवलं. आम्हाला न्यायला पट्ट्यांची मोठी गाडी निघाली, पण ती बैलगाडीच्या चालीने येणार. दोन तास आम्ही चंद्रीच्या आडोशाला पाठीला पाठ लावून बसलो.

"आज सकाळी तर उस्तादांनी तपासून दिली होती नं?" मॅडम म्हणाल्या.

"वीस वेळा चालू करून दाखवली मला."

"मग?"

मी उठून पुन्हा एकदा चावी फिरवून पाहिली.

मोठी गाडी आली तेव्हा तिच्यातून सगळ्यात आधी मामा उतरले. आण्णाप्पा मगदूम, मूळ शिरोळ तालुक्यातले, वय चोपन्न. वीस-बावीस वर्षं लष्कराच्या वर्कशॉपमध्ये, त्यातली निम्मी लडाखच्या थंडीत. ही त्यांची तिसरी मोहीम. स्टेशनवर सगळे त्यांना उस्ताद म्हणायचे, मी मामा म्हणायचो. गाडी उघडण्याआधी ते तिच्या टाकीला कान लावून उभे राहायचे. "आदी आईक, मग हात लाव," हे त्यांचं पहिलं शिक्षण.

त्यांनी आमच्याकडे पाहिलं, मग चंद्रीकडे.

"परत?"

"परत, मामा."

"सेल्फ?"

"घेईना. नुसतं टक् करते."

चंद्रीला मागे दोर बांधताना मामांच्या हाताची गाठ दोनदा सुटली. ते मी पाहिलं आणि मॅडमनीही पाहिलं.

स्टेशनच्या शेडमध्ये आत हीटर असायचा. चंद्रीला आत घेतली, अंगावरचा बर्फ झटकला, चहा होईपर्यंत ती ऊब खात उभी राहिली. मग मामांनी चावी फिरवली. घर्रर्र. एका टिचकीत सुरू! बंद केली, परत लावली. सुरू. मामांनी डोक्यावरची लोकरी टोपी काढून बाकावर आपटली.

"ही माझी थट्टा करायलीया, केरबा."

मला हसू आलं, पण त्यांचा चेहरा बघून मी ते गिळलं.

संध्याकाळी आमच्या डॉक्टरांनी सांगितलं, की वानखडे मॅडमच्या उजव्या हाताची दोन बोटं टोकाला पांढरी पडलीत. पेन्सिल धरायला त्यांनी वरचा हातमोजा काढला होता आणि मग तो नीट चढलाच नव्हता. बोटं वाचली. पण आणखी तासभर उशीर झाला असता तर ती गेली असती, असं डॉक्टर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी नाश्ता झाल्यावर बरुआ साहेबांनी आम्हाला बोलावलं. ते स्टेशनचे प्रमुख, आसामचे, शांत माणूस. त्यांच्याशी बोलणं हिंदीतच व्हायचं, मी इथे मराठीत सांगतोय.

"उस्ताद, तुम्ही काय काय बदललंत?"

"बॅटरी बदलली साहेब. रिले बदलला, चावीचा स्विच बदलला. बंद करायचं लाल बटण खोलून साफ केलं. सगळ्या वायरी मीटर लावून तपासल्या."

"आणि तिन्ही वेळा वहीत गाडी ठीक म्हणून सही केलीत."

"केली साहेब."

"तिन्ही वेळा ती बाहेर जाऊन अडली. काल माझी एक शास्त्रज्ञ बोटं गमावून बसली असती." साहेबांनी समोरची वही मिटली. "परवा तुम्ही जनरेटरचं तेल बदललंत आणि ते लिहायचं विसरलात. मागच्या आठवड्यात टॉर्क पाना फ्रीजवर सापडला. उस्ताद, मी तुमचा मान ठेवून सांगतोय. आठ तारखेला पहिलं विमान येईल, त्याने तुम्ही परत जा. तोवर शेडच्या वहीत केरबा सही करेल."

मामांना तिथल्या उन्हाळाभर, म्हणजे फेब्रुवारीपर्यंत, थांबायचं होतं. नव्या तुकडीच्या मेकॅनिकांना शिकवायला त्यांनीच राहावं, असं पत्र फॅक्सने आलं होतं. ते पत्र त्यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून उशाखाली ठेवलं होतं. घरी जायचं म्हणजे आता नुसतं घरी जायचं नव्हतं. 'या माणसाच्याने होत नाही' असा शेरा घेऊन जायचं होतं.

"ठीक आहे साहेब," मामा म्हणाले. त्यांनी खिशातून शेडची किल्ली काढून टेबलावर ठेवली.

खोटं कशाला सांगू, ती किल्ली उचलताना मला आतून गुदगुल्या झाल्या. मामांबद्दल वाईट वाटत होतं हे खरं. पण अठ्ठाविसाव्या वर्षी अख्ख्या वर्कशॉपचा मुख्य होणं हेही खरंच होतं. आता चंद्रीचं दुखणं मी शोधून काढतो आणि सगळ्यांना दाखवतो, असं मनात चाललं होतं. असा माझा शहाणपणा.

दोन दिवस मी शेडमध्ये चंद्रीचं अंग न् अंग उघडलं. मामांनी बदललेला प्रत्येक भाग मी परत तपासला. सगळं चोख. बॅटरीच्या खालची काळी जाड वायर, जी सांगाड्याला बोल्टने आवळलेली असते आणि करंट परत आणते, तिचा बोल्टही पान्याने बघितला. हलत नव्हता. वरून नवाकोरा पिवळा रंग, एक ओरखडा नाही. पुढे गेलो. शेडमध्ये चंद्री पन्नास वेळा सुरू झाली, पन्नास वेळा मी बंद केली.

त्या पिवळ्या रंगाची गोष्ट इथेच सांगतो. दोन आठवड्यांपूर्वी खंडेनवमी झाली होती. आमच्याकडे खंडेनवमीला अवजारं पुजल्याशिवाय माणूस पान्याला हात लावत नाही. मग तो कागलात असो की पृथ्वीच्या बुडाशी. फेब्रुवारीतच मामांनी भांडारातून एक नारळ मागून ठेवला होता. झेंडू कुठला मिळणार? मॅडमनी पिवळ्या कागदाची फुलं कापून तोरण केलं. आणि मी ठरवलं, की चंद्रीला नटवायचं. भांडारात पिवळ्या रंगाचा डबा होता, पण ब्रश वाळून काठी झालेला. मग मी माझा दाढीचा ब्रश घेतला. आडवी येणारी प्रत्येक वायर सोडवून, कोपरान् कोपरा रंगवून, सगळं पुन्हा जागच्या जागी आवळलं. नवरीला हळद लावावी तशी चंद्री पिवळीधमक झाली. मामांनी नारळ फोडला तर आत पाण्याचा गोळा! पांढराशुभ्र बर्फाचा चेंडू टुणकन् बाहेर आला आणि टेबलाखाली घरंगळला. तो धुऊन, किसून आम्ही प्रसाद म्हणून खाल्ला. माझा दाढीचा ब्रश कामातून गेला आणि तेव्हापासून माझी दाढी वाढत होती. "बुवा महाराज आले," असं स्वयंपाकीसुद्धा चिडवायचा.

तर दोन दिवस झाले, चंद्री काही बोलेना. तिसऱ्या दिवशी सकाळी मी हात टेकले आणि मुकाट स्वयंपाकघरात गेलो. किल्ली दिल्यापासून मामा तिथेच बसायचे. त्यांच्यापुढे तांदळाची परात होती. निवडायचं काम त्यांनी स्वतःच मागून घेतलं होतं.

"मामा, सापडंना."

"सापडंल. तुजी नजर तरणी हाय."

"तुम्ही रागावलाय का माझ्यावर?"

"तुज्यावर कशाला रागवू, लेका?" त्यांनी एक खडा बाजूला काढला. खडा होता की तांदळाचाच तुकडा, ते चष्मा वर करून पाहिलं. "आमच्या आप्पाला असंच झालं हुतं. लई नामी सुतार. आदी रंधा कुठं ठिवला ते इसरायचा. मग गिऱ्हाइकानं दिलेलं माप इसरायला लागला. शेवटी शेवटी मला म्हणायचा, 'पावनं, कुठलं गाव तुमचं?' त्यावेळी त्यो छपन्न वर्षाचा हुता."

मी त्यांच्यासमोर बसलो.

"साहेबाचं काय चुकलं न्हाई, केरबा. तीनदा तपासली मी. तीनदा छातीठोक सांगितलं की बरी हाय. आता मला माझाच भरवसा वाटंना झालाय. काल न्हाणीघरातनं भाईर आलो आन् इचार करत उभा ऱ्हायलो, की साबण लावला का न्हाई."

एवढा मोठा उस्ताद हे बोलत होता आणि त्याची बोटं तांदळात नुसतीच फिरत होती. मला फार वाईट वाटलं. गुदगुल्या वगैरे सगळ्या तिथेच विरल्या.

"मामा, शेडमध्ये ती एकदासुद्धा अडत नाही हो."

"कशी अडंल?" ते मान वर न करताच म्हणाले. "लंगडी गाय गोठ्यात बघून कळती व्हय? चढाला न्हेऊन बघावी लागती. मला तिला भाईरच ठिवून बघायची हुती. पर मॅडमच्या बोटाचं झाल्यापास्नं भाईर हात उगडा करून काम करायचं न्हाई, असा साहेबाचा हुकूम."

मी ताडकन् उठलो. काखेत कळसा आणि गावाला वळसा! दोन दिवस मी त्या गायीला गोठ्यातच फिरवत होतो.

बरुआ साहेबांकडे जाऊन मी परवानगी मागितली. त्यांनी पंधरा मिनिटं दिली आणि डॉक्टरांना खिडकीत घड्याळ घेऊन उभं केलं. मी चंद्रीला शेडबाहेर ढकलली आणि जेवण होईपर्यंत वाऱ्यात उभी ठेवली. दुपारी दीड वाजता, ऊन लख्ख असताना, बाहेर आलो. चावी फिरवली.

टक्.

इतका आनंद मला ती सुरू झाल्यावरही झाला नसता. आता ती माझ्यासमोर लंगडत होती. पातळ हातमोज्यांनी मीटर लावला. बॅटरी भरलेली. रिलेपर्यंत, म्हणजे सेल्फला करंट सोडणाऱ्या डबीपर्यंत, करंट येतोय. सेल्फपर्यंतही येतोय. म्हणजे जातोय सगळा, परत येत नाहीये. मी एक जोडवायर घेतली, एक टोक बॅटरीच्या काळ्या खुंटीला धरलं, दुसरं थेट इंजिनच्या उघड्या लोखंडाला. दुसऱ्या हाताने चावी फिरवली.

घर्रर्र!

म्हणजे दुखणं त्या काळ्या वायरीत, त्या घट्ट बोल्टखाली. मी इंजिन बंद केलं, पाना लावला, बोल्ट काढला, वायरीचं टोक उचललं.

खाली पिवळा रंग होता. गुळगुळीत, चकचकीत, जाड थर. जिथे लोखंडाला लोखंड टेकायला हवं तिथे मी प्रेमाने रंग फासला होता आणि त्यावर वायर ठेवून बोल्ट आवळला होता. शेडच्या उबेत बोल्टच्या आट्यांमधून कसाबसा करंट जायचा. बाहेर लोखंड आकसलं, रस्त्यात धक्के बसले, की तेवढाही दुवा तुटायचा. बोल्ट घट्टच होता. मामांचा रिले बरोबर होता, स्विच बरोबर होता, त्यांची तिन्ही वेळची तपासणी बरोबर होती.

आणि त्या रंगात, बरोबर मधोमध, एक आखूड पांढरा केस चिकटला होता. माझ्या दाढीच्या ब्रशचा.

करायला गेलो गणपती आणि झाला मारुती. पण या मारुतीची शिक्षा तांदूळ निवडणारा दुसराच माणूस भोगत होता.

डॉक्टरांनी खिडकीवर टकटक करून पाच बोटं दाखवली. पाच मिनिटं उरली होती. माझ्या खिशात पॉलिशपेपर होता. दोन मिनिटांत ती जागा घासून चकचकीत झाली असती, बोल्ट परत बसला असता, चंद्री सुरू झाली असती. लोकांनी मला खांद्यावर घेतलं असतं. वहीत मी लिहिलं असतं 'अर्थिंग सैल, दुरुस्त केलं', आणि ते काही अगदी खोटंही ठरलं नसतं. मी पॉलिशपेपर काढला. लाज वाटते सांगायला, पण एक हात मारलासुद्धा. रंगावर एक पांढरट चरा उठला.

मग मला मामांचे आप्पा आठवले. मी गप्प बसलो असतो तर आठ तारखेला मामा विमानात बसले असते, आणि त्यापुढे रोज न्हाणीघराबाहेर उभं राहून साबण लावला की नाही याचा विचार करत बसले असते. त्यांना काहीही झालेलं नव्हतं. हे जगात एकट्या मला माहीत होतं.

पॉलिशपेपर मी खिशात कोंबला आणि आत पळालो.

"मामा, बाहेर चला."

"माजं काय काम तितं? साहेबानं..."

"साहेबपण येतायत. चला म्हणतोय ना!" मी त्यांच्या पुढ्यातली परात बाजूला सरकवली. जाता जाता बरुआ साहेबांना हाक मारली. मॅडम बँडेज बांधलेला हात घेऊन आपणहून आल्या. हे काय नवीन म्हणून डॉक्टर खिडकीतून बघत राहिले.

चौघे चंद्रीभोवती उभे राहिलो. वारा कपडे ओढत होता.

"साहेब, दुखणं सापडलं. इथे आहे," मी म्हणालो. "मामा, तुम्ही बघा."

मामांनी चष्मा पुसला आणि वाकले. मग हातमोज्याच्या टोकाने त्या केसाकडे बोट केलं.

"ह्यो तुज्या दाढीच्या ब्रशचा."

"होय मामा. रंग मी लावला. वायर मी काढली आणि रंगावरच परत बसवली. खंडेनवमीपासून हे असंच आहे."

साहेबांना हिंदीत सांगताना माझा आवाज कापत होता. थंडीने कापतोय असं त्यांनी समजावं, असं मला वाटत होतं. मी सगळं सांगितलं. बाहेर ठेवून बघायची अक्कल मामांची, चूक माझी, असंही सांगितलं. वाटलं, आता किल्ली माझ्याकडून जाणार, आणि आठ तारखेच्या विमानात मामांच्या जागी मी.

मामांनी मात्र माझ्याकडे पाहिलंच नाही. ते त्या पिवळ्या गोल डागाकडे बघत होते.

"म्हंजे रिले मी बरुबर तपासला हुता?"

"बरोबर, मामा."

"आन् चावीचा स्विच?"

"तोही बरोबर. सगळंच बरोबर होतं. तुम्ही कुठंच चुकला नव्हता."

ते चंद्रीच्या सीटवर मटकन् बसले. चष्मा काढला. चोपन्न वर्षांचा तो माणूस, अर्धी नोकरी लडाखमध्ये काढलेला, आम्हा सगळ्यांसमोर रडला. मॅडमनी पुढे होऊन त्यांचा चष्मा धरला, कारण त्यावर पाणी गोठायला लागलं होतं.

"म्हंजे मी येडा झालो न्हवतो," मामा म्हणाले. "मला काय बी झालं न्हाई."

मग ते उठले आणि माझ्या टाळक्यात एक अशी सणसणीत मारली, की टोपी बर्फात जाऊन पडली. "गाढवा! इजंच्या जोडाला कोण रंग लावतं रं? तुज्या बानं लावला हुता का?" असं म्हणून त्यांनी मला छातीशी धरलं. त्याआधी आणि त्यानंतरही मला खूप जणांनी गाढव म्हटलंय. इतक्या आनंदाने कुणीच म्हटलं नाही.

बरुआ साहेब खाली वाकून तो डाग बघत होते. मग सरळ उभे राहून मामांना म्हणाले, "उस्ताद, मी घाई केली. माफ करा."

"न्हाई साहेब," मामा नाक पुसत हिंदीत म्हणाले. "बोल्ट घट्ट आहे म्हणून मीही खोलला नाही. वरचा रंग बघून फसलो. निम्मी चूक माझी लिहा."

"आणि तू?" साहेब माझ्याकडे वळले. "वहीत काय लिहिणार?"

"जे झालं ते, साहेब."

"मग लिही. आणि खाली उस्तादांची सही घे. शेडची किल्लीही त्यांना देऊन टाक." दोन पावलं गेल्यावर ते वळून म्हणाले, "आठ तारखेला कोणीही जात नाहीये. मात्र भांडारातला रंगाचा डबा माझ्या खोलीत आणून ठेव."

मॅडम खळखळून हसल्या. "केरबाभाऊ, आता तर दाढी करून टाका बापा!"

ती जागा मामांनी स्वतःच्या हाताने घासली. दोन दिवसांनी वारा पडल्यावर आम्ही तिघे बांबूंपाशी गेलो. चंद्रीवर मी आणि मॅडम, मागे बांधलेल्या घसरगाडीवर मामा. मोजणी चालली होती तोवर इंजिन बंद. मामांनी मुद्दाम तासभर बंद ठेवायला लावलं. मॅडमची वही बंद झाली तेव्हा मी चावी मामांपुढे धरली.

"तू मार," ते म्हणाले.

"नाही मामा. तुम्ही."

त्यांनी आधी टाकीला कान लावला. बंद इंजिनात काय ऐकू येतं, देव जाणे. मग चावी फिरवली आणि चंद्री पहिल्या दमात हंबरली.

मामा उन्हाळाभर राहिले. नव्या मेकॅनिकांना त्यांनी पहिल्या दिवशी एक घट्ट बोल्ट दाखवला आणि विचारलं, "ह्यो बरा हाय का?" सगळे 'हो' म्हणाले. मग त्यांनी मला पुढे बोलावलं आणि माझी गोष्ट माझ्याकडूनच सांगायला लावली.

आता गोकुळ शिरगावला माझं स्वतःचं गॅरेज आहे. खंडेनवमीला आम्ही गाड्या धुतो, रंगवतो, पुजतो. रंगवताना सांगाड्यावर रुपयाएवढी जागा उघडी ठेवायची आणि तिथे वायर टेकवायची, हा आमच्या गॅरेजचा नियम. दरवर्षी त्या दिवशी बाराच्या आत जयसिंगपुरातून मामांचा फोन येतो. नमस्कार नाही, खुशाली नाही. एकच प्रश्न: "जागा सोडलीस का?" मग मुलगा काय करतो, पाठदुखी कशी आहे, मॅडम हल्ली कुठे असतात, सगळं नावानिशी विचारतात. बावीस वर्षांत एक खंडेनवमी चुकलेली नाही.

गेल्या वर्षी बारा वाजले, दोन वाजले, फोन नाही. मी केला तर लागेना. मामा आता शहात्तरचे आहेत. नको नको ते मनात यायला लागलं. त्यांच्या आप्पांची गोष्ट मी कधीच विसरलो नव्हतो. पूजेचं ताट तसंच ठेवून मी गाडीची किल्ली उचलली. जयसिंगपूर काही फार लांब नाही. गेटपर्यंत पोचलो तोच खिशात फोन वाजला.

"इसरलो न्हाई बरं का, आदीच सांगतो," मामा धापा टाकत म्हणाले. "सकाळपास्नं रेंज न्हवती. पाण्याच्या टाकीवर चढून बोलायलोय. जागा सोडलीस का?"

"सोडली, मामा," मी म्हणालो. "आधी खाली उतरा."